तो उठून का जात नाही? नाटकातला ताण कसा बांधला जातो

नाटक सुटल्यावर पार्किंगमध्ये ऐकू येणारी वाक्यं ठरलेली असतात. ‘पहिला अंक चांगला होता, दुसऱ्यात ढेपाळलं.’ ‘सगळे एवढे ओरडत होते, पण पोचलं काहीच नाही.’ किंवा अगदी उलट, ‘दोनच माणसं बसून बोलत होती, पण घड्याळाकडे बघायचं सुचलं नाही.’ प्रेक्षकाचं निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. कशामुळे असं झालं, एवढंच त्याला सांगता येत नाही.

एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत हेच निदान परीक्षकांच्या तोंडी येतं. ‘संहितेत ताण नाही.’ मग नवा लेखक घरी जातो आणि संहितेत आणखी एक भांडण घालतो. पुढच्या प्रयोगात आवाज वाढलेला असतो, ताण होता तिथेच.

ताण म्हणजे भांडण नव्हे

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार आहे. आता बारा चाळीस झालेत. घरात कुणी भांडत नाही. आई विचारते, ‘चहा टाकू का?’ बाबा तेच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचतायत. मुलगी मोबाइल उपडा ठेवते, पुन्हा उचलते. या वीस मिनिटांत उच्चारलेल्या प्रत्येक साध्या वाक्याला वजन आहे.

हे वजन तीन गोष्टींमुळे आलं. एक, प्रश्न नेमका आहे : किती टक्के? दोन, उत्तराशी या माणसांचं काहीतरी अडकलेलं आहे आणि आपल्याला ती माणसं ओळखीची वाटतात. तीन, उत्तर लांबतंय आणि लांबण्याला रास्त कारण आहे. यातली कुठलीही एक काढून बघा. निकाल कुठल्यातरी अनोळखी मुलाचा असेल तर आपण चहा पिऊन मोकळे. निकाल सकाळीच कळलेला असेल तर वीस मिनिटं नुसती वीस मिनिटं. आणि मंडळाने कारण न देता निकाल आठवडाभर पुढे ढकलला तर ताण संपतो, वैताग सुरू होतो. नाटकात ‘लेखक उगाच ताणतोय’ असं वाटतं, ते नेमकं या तिसऱ्या गोष्टीमुळे.

म्हणजे नाटकातला ताण ही लांबवण्याची कला आहे. पण पात्रांना लांबवावं लागलं पाहिजे. लेखकाला लांबवायचंय म्हणून लांबलं, की प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

रंगमंचावर दार फार मोठं असतं

सिनेमात प्रसंग रंगात आला, की कॅमेरा दुसरीकडे नेता येतो. कादंबरीत प्रकरण संपवता येतं. रंगमंचावर माणसं समोर असतात, जिवंत, एकाच खोलीत, आणि त्या खोलीला दार असतं. दोन माणसांमध्ये नकोसं बोलणं सुरू झालं की बघणाऱ्याच्या मनात नकळत एक विचार येतो : हा उठून का जात नाही?

माझ्या मते नाटकातल्या ताणाचं निम्मं गणित या एका प्रश्नात आहे. खऱ्या आयुष्यात आपण अवघड बोलण्यातून सुटायला पटाईत असतो. ‘मी जरा दूध आणतो’ म्हणतो, फोन आल्याचं दाखवतो, ‘नंतर बोलू’ म्हणतो. नाटककाराला या सगळ्या पळवाटा एकेक करून बुजवाव्या लागतात, त्याही प्रेक्षकाला कुलूप लावल्याचा आवाज येऊ न देता.

ही कुलपं अनेक जातींची असतात. गरजेचं कुलूप : ज्याच्याशी वाद घालायचाय त्याच्याच सहीवाचून काम अडलंय. लाजेचं : आत्ता निघालो तर आरोप मान्य केल्यासारखं होईल. नात्याचं : आई आजारी आहे, दोघांनाही तिच्या उशाशी बसायचंय. खरोखरच्या कडीकोयंड्याचं कुलूप सगळ्यात सोपं आणि म्हणून सगळ्यात कच्चं. वादळ, बंद पडलेली लिफ्ट, हुकलेली शेवटची एसटी यांनी माणसं अडकतात खरी, पण तेवढ्याने ती एकमेकांशी बोलायला लागत नाहीत.

एका कडीची गोष्ट

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (पहिला प्रयोग १९६७) या नाटकात खरी कडीही आहे आणि तिच्याहून पक्कं दुसरं कुलूपही आहे. म्हणून ते शिकण्यासाठी सोयीचं.

मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे खोट्या खटल्याचा, कार्यक्रम करायला एका गावात आलीत. रात्रीचा खटला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर आहे, अण्वस्त्रांवरून. मध्ये वेळ मोकळा आहे. सामंत नावाच्या गावातल्या साध्या माणसाला ऐनवेळी साक्षीदार म्हणून उभं करायचंय आणि त्याने कोर्ट कधी पाहिलेलं नाही. म्हणून त्याला समजावं यासाठी एक गंमतीचा खटला खेळू या, असं ठरतं. आरोपी शिक्षिका लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा.

नाटकाच्या सुरुवातीलाच त्या हॉलच्या दाराच्या कडीबद्दल बोलणं होतं. कडी नीट सरकवून ठेवली नाही आणि दार ओढलं, तर ते बाहेरून लागून बसतं. प्रेक्षक हे ऐकतो, हसतो, विसरतो. पुढे खेळ अंगावर यायला लागल्यावर बेणारे निघायला जाते आणि दार बाहेरून लागलेलं असतं.

नाट्यलेखनाच्या वर्गात याला ‘पेरणी आणि वसुली’ म्हणता येईल : जी वस्तू पुढे निर्णायक ठरणार, ती आधी बिनमहत्त्वाची म्हणून दाखवायची. दार त्याच क्षणी पहिल्यांदा अडकलं असतं तर प्रेक्षक म्हणाला असता, बरं सापडलं लेखकाला. आधी पेरल्यामुळे तोच म्हणतो, अरे, हे तर सांगितलं होतं. पेरणी करताना दोन पथ्यं पाळावी लागतात. त्या वेळी त्या वस्तूला दुसरं काहीतरी काम हवं, गंमतीचं किंवा ओळख करून देण्याचं. आणि पेरणी व वसुली यांच्यामध्ये विसरण्याइतका वेळ हवा. पाच मिनिटांत वसूल केलेली पेरणी उघडी पडते.

पण खरं कुलूप कडीचं नाहीच. ते ‘खेळ’ या शब्दाचं आहे. बेणारेने हरकत घेतली की बाकीचे म्हणतात, अहो, हा तर खेळ! आता ती चिडली तर प्रश्न उभा राहतो : खेळच आहे, तर एवढं का लागलं? हसत राहिली तर पुढचा घाव येतो. दोन्हीकडून कोंडी. दार उघडं असतं तरी पहिल्या अंकात तिला निघून जाणं कठीणच होतं. कडी लागते ती या आतल्या कोंडीला शरीर देण्यासाठी, आणि म्हणूनच ती उशिरा लागते.

आणि बारकाई पाहा. जो घाव सगळ्यात वर्मी बसतो, तो घालणारा सामंत तिच्याबद्दल काहीही जाणत नाही. साक्ष काय द्यायची हे सुचत नाही म्हणून तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने काहीतरी रचून सांगतो, आणि ते तिच्या खऱ्या आयुष्याच्या नको तितकं जवळ जातं. दुष्ट माणसाने मुद्दाम केलेल्या हल्ल्यापेक्षा निरागस माणसाच्या हातून झालेली इजा रंगमंचावर जास्त बोचते, कारण प्रेक्षकाला कुणावर रागही काढता येत नाही.

प्रेक्षकाला किती सांगायचं?

नव्या लेखकांचा इथे हमखास गोंधळ होतो. त्यांना वाटतं, लपवलं की ताण येतो. लपवल्याने कुतूहल येतं, ते वेगळं. ताण बऱ्याचदा सांगून टाकल्याने येतो. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असण्याच्या या स्थितीला नाट्यात्म उपरोध म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट घरगुती.

एक प्रसंग करून बघू. गिरगावातली चाळ, पुनर्विकासाचा कागद. मोठ्या मुलाला आईची सही हवीय, धाकटा येण्याआधी. धाकटा खाली स्कूटर लावतोय. पहिला खर्डा असा येतो :

मोठा : आई, सही कर. सगळ्यांच्या भल्याचं आहे.
आई : धाकट्याला विचारल्याशिवाय मी करणार नाही.
मोठा : तुला नेहमी तोच प्रिय!
आई : आणि तुला फक्त पैसा!

संघर्ष आहे, आवाज आहे, ताण नाही. चौथ्या वाक्याला दोघांनीही सगळं बोलून टाकलं. पाचवं वाक्य आता याहून मोठ्यानेच म्हणावं लागेल.

आता त्यात एक चष्मा घाला. प्रसंग सुरू होताना मोठा एकटाच आहे. टेबलावरचा आईचा चष्मा तो उचलतो, क्षणभर थांबतो, शर्टाच्या खिशात टाकतो. आई मेथीची जुडी घेऊन येते.

आई : माझा चष्मा पाहिलास का रे?
मोठा : नाही. कशाला हवाय?
आई : मेथी निवडायचीय. माती दिसत नाही मेली.
मोठा : मी निवडतो. तू तेवढी इथे सही कर.
आई : तू? मेथी?
मोठा : त्यात काय!
आई : (जुडी त्याच्यापुढे ठेवते) घे. मुळं वेगळी, पानं वेगळी.
(तो निवडू लागतो. खाली स्कूटरचा हॉर्न.)
आई : आला वाटतं.
मोठा : आई, सही.
आई : हो रे. दिसू तर दे कुठे करायची ते. वाक जरा, तुझ्या खिशातला चष्मा दे.

कुणी आवाज चढवला नाही. ‘फसवणूक’, ‘विश्वास’, ‘पैसा’ यातला एकही शब्द आला नाही. माणसं बोलतायत मेथीबद्दल आणि प्रेक्षक ऐकतोय सहीबद्दल. ओठांवरचं बोलणं एक आणि पोटातलं दुसरं, यातलं अंतर हीच संवादाची विद्युतशक्ती. हॉर्न हे घड्याळ आहे. मेथी हा अडथळा आहे, आणि तो मोठ्यानेच स्वतःवर ओढवून घेतलाय : खोटं लपवायला त्याने मदत देऊ केली आणि त्या मदतीतच त्याचे दोन्ही हात अडकले. शेवटच्या वाक्याने जाणतं कोण आणि अजाण कोण, हेच उलटतं. आपल्याला वाटत होतं, आईपेक्षा आपल्याला जास्त माहितीय. तिला सगळं दिसत होतं, चष्म्याशिवाय.

याला उलटापालट म्हणू. एका प्रसंगात एक पुरे. तीन केल्या तर प्रेक्षक चौथीची वाट पाहत बसतो आणि माणसांकडे बघायचं सोडतो.

पायऱ्या, आणि परत न येणं

ताण वाढवायचा म्हणजे काय वाढवायचं? आवाज नव्हे, किंमत. प्रत्येक पायरीवर पात्राने काहीतरी असं करायला हवं, की आधीच्या पायरीवर परत येता येणार नाही. विनवणीनंतर धमकी देता येते. धमकीनंतर पुन्हा तीच विनवणी केली तर ती धमकीच पोकळ ठरते. खर्डा तपासताना प्रत्येक प्रसंगाच्या समासात एकच वाक्य लिहावं : ‘या प्रसंगानंतर कुणाला काय करता येणार नाही?’ ज्या प्रसंगापुढे समास कोरा राहतो, तो नाटकातून काढला तरी चालतो. बहुतेक लेखकांना हा हिशेब आवडत नाही, कारण कोऱ्या समासापुढचा प्रसंग नेमका त्यांच्या सगळ्यात लाडक्या भाषेत लिहिलेला असतो.

घड्याळ दिसलं पाहिजे, याचा नमुना हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’मध्ये (१८७९) आहे. नायिका नोराने पूर्वी वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलंय. ते उघड करणारं पत्र नवऱ्याच्या पत्रपेटीत पडलंय, आणि पेटीची किल्ली नवऱ्याकडेच आहे. पत्र घरातच, चार पावलांवर. नवऱ्याने पेटी उघडू नये म्हणून ती उद्याच्या पार्टीतल्या नाचाची तालीम त्याच्याकडून करून घेते. नाच बेभान होत जातो. नाच कसा होतोय याच्याशी प्रेक्षकाला देणंघेणं नसतं, त्याचं लक्ष पेटीवर असतं. अदृश्य भीतीला एक दिसणारी, हात लावता येईल अशी वस्तू दिली की अर्धं काम नेपथ्यच करतं.

वेळेचाही हिशेब ठेवावा लागतो. आजचं दोन अंकी नाटक मध्यंतर धरून साधारण सव्वादोन तासांचं. मध्यंतर आणि थांबे वजा केले, तर संहिता बारा-तेरा हजार शब्दांच्या फार पुढे जाऊ नये. मुख्य प्रश्न पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पडायला हवा. मध्यंतराचा पडदा उत्तरावर पाडू नये. बटाटेवड्याच्या रांगेत लोकांनी ‘आता ही काय करेल?’ म्हणावं, ‘बरं झालं, मिटलं’ म्हणाले तर दुसरा अंक शून्यापासून सुरू करावा लागतो. ‘दुसऱ्या अंकात ढेपाळलं’ याचं मूळ बहुतेकदा पहिल्या अंकाच्या शेवटच्या पाच मिनिटांत असतं.

गळती कुठे होते

सर्वांत मोठी गळती ब्लॅकआऊटची. प्रत्येक छोट्या प्रसंगानंतर अंधार, संगीत, सामान हलवणं. एक ब्लॅकआऊट पंधरा सेकंदांचा धरला आणि असे बारा झाले, तर तीन मिनिटं प्रेक्षक अंधारात बसला. प्रत्येक अंधार म्हणजे खोकायची, मोबाइल बघायची परवानगी. दोन प्रसंगांमध्ये वेळ जायलाच हवा का, हे आधी तपासावं. तोच मजकूर बऱ्याचदा एकाच सलग प्रसंगात बसतो आणि मग माणसांना एकमेकांपासून सुटका मिळत नाही.

दुसरी गळती टेलिफोनची. महत्त्वाची बातमी फोनवर आली की पात्र ऐकतं आणि आपण एका टोकाचं ‘हं... काय? कधी?’ ऐकत बसतो. बातमी आणणारं माणूस खोलीत आणता आलं तर आणावं. त्याला ती सांगायची नसेल तर फारच उत्तम.

तिसरी, दुबळा विरोधक. समोरच्याची बाजू लेखकालाच पटलेली नसेल तर निकाल आधीच कळतो. आणि चौथी गळती सलग ताणाची. तार सतत ओढून धरली तर बधिरपणा येतो. मध्ये हसू हवं. ‘शांतता!’मध्ये बराच वेळ लोक हसतात, आणि नंतर आपण कशाला हसलो होतो हे आठवून अवघडतात. ते हसू सुटकेचं वाटतं, पण हिशेबात नोंदलेलं असतं.

शेवट माहीत असला तर ताण कसा राहील?

अथेन्सच्या प्रेक्षकांना नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ईडिपस राजाची कथा ठाऊक होती, तरी सॉफोक्लिसचं नाटक ताणलेलं राहतं. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) बघायला येणाऱ्या प्रत्येकाला संभाजीराजांचा इतिहास माहीत असतो. प्रश्न फक्त जागा बदलतो. ‘काय होणार’ ऐवजी ‘याला कधी कळणार, आणि कळल्यावर हा कसा उभा राहणार’.

ईडिपसमध्ये दार तर सताड उघडं आहे. त्याची राणी जोकास्टा त्याला विनवते, चौकशी थांबव. तो थांबू शकतो. पण शहरात साथ पसरलीय, खुनी शोधण्याची शपथ त्यानेच घेतलीय, आणि सत्य अर्धवट सोडणं त्याच्या स्वभावात नाही. स्वभावाचं कुलूप सगळ्यात पक्कं.

मग विनोदी नाटकाचं काय?

तिथे ताण जास्तच लागतो, फक्त किंमत मरणाची नसून फजितीची असते. ‘मोरूची मावशी’त पुरुष मावशीच्या वेशात अडकलाय. लुगडं सोडून पळावं तर बिंग फुटेल, थांबावं तर प्रकरण वाढेल. तोच प्रश्न, तो उठून का जात नाही? फार्स लिहिणं शोकांतिकेइतकंच काटेकोर असतं, कारण तिथे पळवाट दिसली तर प्रेक्षक माफ करत नाही.

आणि जिथे काहीच घडत नाही, अशी नाटकं?

सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’त (पॅरिस, १९५३) दोन माणसं वाट बघतात. येणारा येत नाही. पण ‘चल, जाऊ’ म्हणून जागचं न हलणं हाच त्या नाटकाचा कणा आहे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वडील गेल्यावर मुलं वाड्यात जमतात. खर्च कोण करणार, सोनं कुठे, इतकंच बोलणं. अंगणात बंद ट्रॅक्टर उभा. मुंबईला परत जाणाऱ्यालाही वाडा सोडता येत नाही आणि राहणाऱ्यालाही राहवत नाही. घटना कमी असतील, पण कुलपं भरपूर आहेत.

दार उघडायचं कधी?

ताणाची सुटका म्हणजे शेवटी कुणीतरी दारातून बाहेर पडणं, किंवा आता पडूच शकत नाही हे कळणं. नोरा बाहेर पडते, दार आपटल्याचा आवाज येतो, नाटक संपतं. त्यानंतर एक वाक्यही नाही, कारण प्रश्नाचं उत्तर मिळून गेलं. बरेच लेखक यानंतर पाच मिनिटं पात्रांच्या तोंडून सगळं समजावत बसतात, आणि तिथे लोक चपला शोधू लागतात.

तेंडुलकर दार उघडतात ते वेगळ्या रीतीने. शिक्षा सुनावून झालीय, बेणारे खिळल्यासारखी पडलीय. दार बाहेरून उघडतं. गावातली माणसं आत डोकावतात आणि विचारतात, कार्यक्रम सुरू झाला का? मंडळींची तयारीची धांदल उडते. वाट आता मोकळी आहे. बेणारे हलत नाही. सामंत आपल्याजवळचा हिरव्या कापडाचा पोपट तिच्याशेजारी ठेवतो आणि निघून जातो.